डिझेल इंजिन बसवलेल्या जीपसाठी पंखा कसा निवडावा: सोलापूरच्या उन्हाचा हिशेब

जुन्या पेट्रोल जीपमध्ये किंवा जिप्सीमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचे काम हाती घेतले की मालकाचे आणि मिस्त्रीचे सगळे लक्ष माउंटिंग, गिअरबॉक्सची जुळणी, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि डिझेलची पाइपलाइन यांच्यावर असते. पंख्याचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी होतो, आणि तोवर रेडिएटर व इंजिन यांच्यात जी काही बोटभर जागा उरलेली असेल तिच्यात मावेल तो पंखा बसवून काम पूर्ण झाल्याचे मानले जाते. डिसेंबर-जानेवारीत अशी गाडी उत्तम चालते, पण मार्च सरत आला की तापमानाचा काटा वर सरकू लागतो आणि मे महिन्यात एखाद्या दुपारी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि ब्लॉक यांच्यातले गॅस्केट जाते किंवा हेडच वाकते. ज्याने पदरचे पैसे घालून, महिनोन्महिने खपून गाडी उभी केली आहे त्याच्यासाठी हे नुकसान फार मोठे असते, आणि ते टाळता येण्याजोगे असते. म्हणून पंख्याची निवड इंजिन चासीत उतरवण्याच्या आधी व्हावी, आणि ती करताना महामार्गावर ऐंशीच्या वेगाने धावणारी गाडी डोळ्यांसमोर न ठेवता मे महिन्यातल्या दुपारी, एसी चालू ठेवून, माणसे आणि सामान भरून घाट चढणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवावी.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाब सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात मनाप्रमाणे करता येत नाही. इंजिन किंवा इंधनाचा प्रकार बदलायचा असेल तर त्यासाठी आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी आणि जी मंजुरी मिळेल तिच्या मर्यादेतच काम करावे, कारण नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला पुढे विम्याच्या दाव्यापासून विक्रीपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडचण येते.

उष्णतेचा आणि हवेचा हिशेब

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा थंड चालते हा समज अर्धाच खरा आहे. हलक्या भाराखाली डिझेल इंजिनात इंधनाच्या मानाने पुष्कळ जास्त हवा आत जात असते, त्यामुळे पाण्यात जाणारी उष्णता खरोखरच कमी असते आणि हिवाळ्यात आयडलिंगवर उभी असलेली गाडी लवकर गरमही होत नाही. टर्बो असलेले इंजिन पूर्ण भाराखाली चालू लागले की मात्र चित्र बदलते. अशा वेळी इंजिन जितकी शक्ती चाकांकडे पाठवते तिच्या साधारण ६० ते ७० टक्के इतकी उष्णता त्याच वेळी पाण्यात जाते, आणि ती सगळी रेडिएटरमधून बाहेर पडावी लागते.

उदाहरणादाखल अडीच लिटरचे, ६३ अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन घेऊ. त्याची शक्ती सुमारे ४७ किलोवॉट होते, आणि पाण्यात जाणारी उष्णता सावधगिरीने ३५ किलोवॉट धरता येते. रेडिएटरमधून जाताना हवा २५ अंशांनी तापते असे मानले, तर ही उष्णता वाहून नेण्यासाठी सेकंदाला सुमारे १.४ किलो हवा लागते. आता येथे सोलापूरचा संबंध येतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, आणि ४३ अंश तापमानाला येथील एक घनमीटर हवेचे वजन जेमतेम १.०६ किलो भरते, तर समुद्रसपाटीला २० अंश तापमानात ते १.२ किलो असते. म्हणजे पंख्याने तितकीच हवा ढकलली तरी तिचे वजन, आणि म्हणून तिची उष्णता वाहून नेण्याची ताकद, सुमारे १२ टक्के कमी असते. वरच्या उदाहरणात सेकंदाला १.३ घनमीटर, म्हणजे पंख्यांच्या खोक्यांवर ज्या मापात आकडे लिहिलेले असतात त्या मापात सुमारे २,८०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा रेडिएटरच्या जाळीतून प्रत्यक्ष आरपार जावी लागते.

त्याहूनही मोठा फरक तापमानांतील अंतराचा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांत किती अंतर आहे यावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २८ अंशांवर असेल तर हे अंतर ६७ अंशांचे असते. हवा ४३ अंशांवर गेली की ते ५२ अंशांवर येते, म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा एकपंचमांशाहून अधिक क्षमता गमावून बसतो. समोर एसीचा कंडेन्सर असेल तर रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आणखी काही अंशांनी तापलेली असते. पुण्यात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला व्यवस्थित चालणारी एखाद्याची जोडणी जशीच्या तशी उचलून सोलापुरात बसवली की ती का तापते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आधी रेडिएटर, मग पंखा

वरची १.३ घनमीटर हवा किती क्षेत्रफळातून जाणार आहे हे मोजल्याशिवाय पंख्याच्या दुकानात जाऊ नये. जुन्या जीपच्या रेडिएटरची जाळी साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि तितकीच उंच असेल, तर तिचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर होते आणि हवेला सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने तिच्यातून जावे लागते. इतका वेग केवळ पंख्याच्या जोरावर मिळवणे जवळपास अशक्य आहे. जाळी ६० बाय ४५ सेंटिमीटरची घेतली तर लागणारा वेग पाच मीटरच्या खाली येतो, आणि चांगल्या पंख्याला तो आवाक्यातला ठरतो. म्हणून ग्रिलच्या मागे मावेल तितक्या मोठ्या दर्शनी क्षेत्रफळाचा रेडिएटर घ्यावा, आणि जाडी वाढवण्याचा मार्ग त्यानंतरच धरावा. चार ओळींच्या जाड जाळीतून हवा ओढताना पंख्याला जास्त विरोध होतो, आणि मागच्या ओळींपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असल्यामुळे त्या ओळींचा उपयोगही कमी होतो. शक्य असेल तर ज्या गाडीतून इंजिन घेतले आहे त्याच गाडीचा रेडिएटर, काऊल (पंख्याभोवतीचे आवरण) आणि पंखा हा पूर्ण संच मिळवावा, कारण तो कारखान्यात त्या इंजिनासाठीच जुळवलेला असतो. भंगारातून इंजिन घेताना पुढचा हा सगळा भाग नुसत्या इंजिनाच्या सौद्यात पदरात पाडून घेता आला तर पुढचा अर्धा त्रास वाचतो.

पेट्रोल इंजिनावरचा जुना पंखा नव्या डिझेल इंजिनावर बोल्ट करण्याचा मोह येथे आवर्जून टाळावा. पंख्याची हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात बदलते, पण जाळीचा विरोध भेदण्यासाठी लागणारा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जो पंखा मिनिटाला ४,५०० फेऱ्यांसाठी बनवला आहे तो ३,००० फेऱ्यांवर फिरला तर हवा दोनतृतीयांश होते, आणि दाब निम्म्याहूनही कमी म्हणजे ४४ टक्के उरतो. डिझेल इंजिने कमी फेऱ्यांवर ताकद देतात, म्हणूनच त्यांचे मूळ पंखे आकाराने मोठे आणि रुंद पात्यांचे असतात.

इंजिनावर चालणारा की विजेवर चालणारा

या प्रश्नावर गॅरेजमध्ये बरीच चर्चा होते, पण आकडे समोर ठेवले की निवड फारशी अवघड राहत नाही. सेकंदाला १.३ घनमीटर हवा जाळी, कंडेन्सर आणि ग्रिल यांच्या विरोधातून ओढायची आहे, आणि हा एकूण विरोध समजा २०० पास्कल आहे. तर निव्वळ हवेला २६० वॉट शक्ती द्यावी लागते. पाती आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर बॅटरीकडून ६५० वॉट, म्हणजे साडेतेरा व्होल्टला सुमारे ४८ अँपिअर विद्युतप्रवाह घ्यावा लागतो. आता बाजारात २,५०० सीएफएमचा आकडा छापलेला, बारा अँपिअर घेणारा पंखा मिळत असेल, तर तो आकडा समोर जाळी नसताना, मोकळ्या हवेत मोजलेला आहे हे ओळखावे. रेडिएटरच्या मागे बसवल्यावर तो किती हवा ओढेल हे त्याच्या अँपिअरवरून अधिक प्रामाणिकपणे समजते. बारा अँपिअरचा पंखा दीडशे वॉटच्या आसपास शक्ती घेतो, आणि इतक्या शक्तीत पूर्ण भाराखालचे टर्बो डिझेल थंड ठेवता येत नाही, मग त्या पंख्याचा रंग आणि खोके कितीही आकर्षक असो.

म्हणून सोलापूर, बार्शी, पंढरपूर, विजयपूर या टापूत फिरणाऱ्या गाडीसाठी माझी पहिली पसंती इंजिनावरच चालणाऱ्या व्हिस्कस पंख्याला आहे. त्याला लागणारी शक्ती बेल्टमधून थेट मिळते, अल्टरनेटरवर भार येत नाही, आणि भार वाढून इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की हवाही आपोआप वाढते. व्हिस्कस कपलिंगच्या पुढच्या तोंडावर एक द्विधातूची गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा साधारण ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापली की ती आतली झडप उघडते, घट्ट सिलिकॉन तेल कपलिंगच्या खाचांत पसरते आणि पंखा पुलीच्या ८० ते ९० टक्के फेऱ्यांनी फिरू लागतो. गरज संपली की तो पुन्हा मंद फिरतो, त्यामुळे कायम जोडलेल्या पंख्यासारखा आवाज आणि डिझेलचा अपव्यय होत नाही.

जुने व्हिस्कस कपलिंग घेताना काही गोष्टी हाताने तपासता येतात. कपलिंगच्या मधल्या भागापासून बाहेरच्या दिशेने तेलाचे ओघळ पसरलेले आणि त्यांच्यावर धूळ चिकटलेली दिसली तर आतले सिलिकॉन तेल गळत आहे असे समजावे. पंख्याचे टोक धरून पुढे-मागे हलवल्यावर बेअरिंगची खळखळ जाणवली तर ते कपलिंग घेऊ नये. इंजिन चांगले तापलेले असताना बंद करून, किल्ली काढून घेऊन, पंखा बोटाने फिरवावा. तो जड लागला पाहिजे आणि सोडल्याबरोबर थांबला पाहिजे. दोन-तीन गिरक्या घेत मोकळा फिरत राहिला तर तो उन्हाळ्यात दगा देणार हे नक्की. काढलेले कपलिंग फडताळावर आडवे न ठेवता गाडीत असते तसे उभे ठेवावे, नाहीतर तेल आत भलतीकडे जमा होते. त्याच्या नटाचे आटे उलटे आहेत की सुलटे हे काढण्यापूर्वी पाहावे, आणि नव्या इंजिनाच्या वॉटर बॉडीवर (पाणी फिरवणाऱ्या पंपावर) ते आटे जुळतात का याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी.

फिरण्याची दिशा हा इंजिन बदलातला नेहमी निसटणारा मुद्दा आहे. काही इंजिनांत बेल्टच्या पाठीने वॉटर बॉडी फिरवली जाते आणि त्यामुळे पंखा उलट्या दिशेने फिरतो. दुसऱ्या इंजिनाचा पंखा त्याच्यावर बसवला तर हवा इंजिनाकडून रेडिएटरकडे ढकलली जाते किंवा फार थोडी ओढली जाते. वक्र पाती उलटी करून बसवल्याने हा दोष दूर होत नाही, कारण पात्याचा पोटाकडचा आणि पाठीचा भाग वेगवेगळा घडवलेला असतो. त्या दिशेसाठी बनलेला पंखाच आणावा लागतो.

वॉटर बॉडीपुढे व्हिस्कस कपलिंगला जागाच उरत नसेल, किंवा वॉटर बॉडीचा मध्य रेडिएटरच्या मध्यापासून इतका खाली वा बाजूला असेल की पंख्याचे वर्तुळ जाळीबाहेर जाते, तरच विजेचे पंखे निवडावेत. अशा वेळी रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूने हवा ओढणारे दोन पंखे घ्यावेत, आणि ते स्थानिक बनावटीच्या स्वस्त पंख्यांपेक्षा मोठ्या डिझेल कारच्या मूळ जोडणीतले, काऊलसकट असलेले घ्यावेत. पुढून ढकलणारा पंखा स्वतःच जाळीचा बराच भाग झाकतो, म्हणून तो मुख्य पंखा म्हणून कधीही निवडू नये. एसी असलेल्या गाडीत मात्र व्हिस्कस पंख्याच्या जोडीला कंडेन्सरपुढे एक लहान, दहा-बारा इंची विजेचा पंखा देण्यास माझी पूर्ण संमती आहे, कारण सात रस्त्याच्या सिग्नलवर किंवा कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेरच्या गर्दीत आयडलिंगवर उभे असताना व्हिस्कस पंखा मंद फिरत असतो आणि एसीचा दाब चढतो.

काऊल

पंख्याभोवतीचे आवरण, म्हणजे काऊल, नसेल तर वर लिहिलेल्या सगळ्या हिशेबाला अर्थ उरत नाही. सोळा इंची पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.१३ चौरस मीटर असते, आणि आपल्या उदाहरणातली जाळी ०.२७ चौरस मीटरची आहे. म्हणजे काऊलशिवाय पंखा निम्म्याहून कमी जाळीतून हवा ओढतो, आणि तीही पुरती ओढत नाही, कारण पात्यांच्या टोकाभोवतून इंजिनाकडची गरम हवा वळून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच हवा फिरवत राहतो. तापणाऱ्या जीपमध्ये आधी मोठा पंखा, मग मोठा रेडिएटर, मग थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकणे असे एकेक उपाय करत गेलेले मालक भेटतात, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांना काऊलच नसते.

काऊल बनवताना पत्रा कापण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. इंजिन, माउंटिंग आणि रेडिएटर आपापल्या अंतिम जागी घट्ट बसवलेले असावेत, बॅटरी आणि एअर क्लीनरही जागेवर असावेत. पुठ्ठा रेडिएटरच्या मागच्या चौकटीवर चारी कडांनी टेकला पाहिजे. तळाची कड अनेकदा अडचणीची म्हणून सोडून दिली जाते आणि नेमकी तेथूनच हवा चोरली जाते. पंख्याच्या व्यासापेक्षा भोक किती मोठे ठेवावे हे इंजिन किती हलते यावर ठरते. काऊल रेडिएटरवर, म्हणजे बॉडीवर बसते, आणि डिझेल इंजिन सुरू व बंद होताना रबरी माउंटिंगवर जोरात झोके घेते. त्यासाठी पुठ्ठ्याच्या भोकाच्या आतल्या कडेला चारी बाजूंना लहान मुलांच्या खेळण्यातल्या मऊ क्लेचे उंचवटे लावावेत, इंजिन काही वेळा सुरू-बंद करावे, गाडी चढावर चालवून पाहावी, आणि मग कोणत्या बाजूच्या क्लेवर पात्याची खूण उमटली आहे ते पाहावे. साधारणपणे पात्याच्या टोकापासून १५ ते २० मिलिमीटर अंतर पुरते. माउंटिंग फार मऊ असतील तर २५ मिलिमीटरपर्यंत जावे लागते, पण त्यापुढे गेल्यास काऊलचा फायदा वेगाने कमी होतो.

पंख्याची खोलीही महत्त्वाची आहे. हवा ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांची साधारण अर्धी ते दोनतृतीयांश रुंदी काऊलच्या कड्याच्या आत आणि उरलेली इंजिनाच्या बाजूला बाहेर असावी, म्हणजे बाहेर फेकली जाणारी हवा कडेने मोकळी सुटते. पूर्ण आत गेलेला पंखा गुदमरतो, पूर्ण बाहेर राहिलेला पंखा काऊलमधून ओढतच नाही. जाळीपासून पाते २५ मिलिमीटरपेक्षा जवळ कधीच असू नये, आणि शक्यतो ५० मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवावे. अंतर साधण्यासाठी वॉटर बॉडी आणि पंखा यांच्यात स्पेसर द्यावा लागला तर तो लेथवर नीट मध्य साधून करून घ्यावा. हाताने कापलेल्या, किंचित तिरक्या स्पेसरमुळे वॉटर बॉडीचे बेअरिंग काही महिन्यांत जाते. वाकलेले पाते ठोकून सरळ करून वापरणे धोक्याचे आहे, कारण पात्याच्या मुळाशी पडलेली बारीक चीर फिरताना उघडते आणि तुटलेले पाते रेडिएटर किंवा बॉनेट फाडून जाऊ शकते. चीर दिसलेला पंखा सरळ भंगारात टाकावा.

ग्रिल आणि रेडिएटर यांच्या बाजूंना ज्या फटी राहतात त्या रबरी पट्टी किंवा जाड फोमने बंद कराव्यात. हे काम काही शे रुपयांत होते, आणि आयडलिंगवर उभ्या असलेल्या गाडीत त्याचा परिणाम ताबडतोब दिसतो, कारण बॉनेटखालची तापलेली हवा पुन्हा पुढे येऊन आत ओढली जाणे थांबते.

विजेचे पंखे निवडल्यास

दोन पंखे मिळून ४५ अँपिअर घेणार असतील आणि जुन्या जीपचा अल्टरनेटर ३५ ते ४५ अँपिअरचा असेल, तर रात्री हेडलाइट लावल्याबरोबर बॅटरी उतरू लागते. किमान ७५ अँपिअरचा, आणि एसी असेल तर त्याहून मोठा अल्टरनेटर लागतो. तोही आयडलिंगवर आपल्या छापील क्षमतेच्या निम्म्याहून कमी प्रवाह देतो, हे लक्षात ठेवून पुलीचा आकार निवडावा. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र ४० अँपिअरचा रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि स्वतंत्र ३० अँपिअरचा फ्यूज असावा, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. तार किमान चार, आणि लांबी जास्त असेल तर सहा चौरस मिलिमीटरची असावी, आणि अर्थिंग बॉडीच्या गंजलेल्या पत्र्याला न देता थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी किंवा चासीवरच्या खरडून स्वच्छ केलेल्या जागी द्यावे. बारीक तारेत दीड व्होल्ट हरवला तर पंख्याचा वेग दहा टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि वरच्या नियमाप्रमाणे दाब जवळपास वीस टक्क्यांनी घटतो.

पंखा किती तापमानाला सुरू व्हावा हे थर्मोस्टॅटवर अवलंबून आहे. ८२ अंशांना उघडू लागणारा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला साधारण ९५ अंश लागतात. हेडमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सेन्सर असेल तर पहिला पंखा ९२ अंशांच्या आसपास आणि दुसरा ९७ अंशांच्या आसपास सुरू करावा, आणि चार-पाच अंश खाली आल्यावर बंद व्हावा. सेन्सर रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तेथील पाणी आधीच थंड झालेले असल्यामुळे हे आकडे सहा ते दहा अंशांनी कमी धरावेत. डॅशबोर्डवर हाताने पंखे चालू करण्याचे एक बटण अवश्य द्यावे, आणि ते बंद करण्याचीही सोय ठेवावी, कारण पावसाळ्यात ओढ्यावरचा किंवा सीनेकाठचा पाण्याखाली गेलेला रस्ता ओलांडायचा प्रसंग आला तर फिरती पाती पाण्यावर आपटून जाळीकडे वाकतात. इंजिनावर कायम जोडलेल्या पंख्याच्या बाबतीत हा धोका सर्वांत जास्त असतो.

थर्मोस्टॅट काढून टाकून तापणे थांबत नाही. पाणी रेडिएटरमधून अनियंत्रित फिरते, हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही, आणि सिलिंडरची झीज वाढते. पाण्याच्या बाबतीतही तडजोड नको. बोअरचे जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साठवते, म्हणून डिस्टिल्ड पाण्यात ५० टक्क्यांपर्यंत कूलंट मिसळून भरावे, आणि रेडिएटरची कॅप ०.९ बार दाबाची, सीलसह चांगल्या स्थितीतली असावी. दाबाखाली हे मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपास उकळते, साधे पाणी बिनदाबाने शंभराच्या आतच उकळते, आणि हेड वाचणे किंवा जाणे अनेकदा या फरकावर अवलंबून असते.

चाचणी

जोडणी पुरी झाल्यावर तिची परीक्षा गॅरेजच्या सावलीत घेऊ नये. आधी गाडी उन्हात, एसी लावून, वीस मिनिटे आयडलिंगवर उभी ठेवावी आणि ग्रिलवर वर्तमानपत्राचा कागद लावून पाहावा. पंखा जोडला गेला असेल तर कागद चिकटून राहतो, आणि कोपऱ्यांत सैल पडत असेल तर त्या कोपऱ्यात काऊल हवा ओढत नाही. त्यानंतर दुपारी, गाडीत माणसे किंवा वाळूची पोती भरून, तुळजापूरकडे निघावे. सोलापूरहून जाताना तुळजापूरच्या आधी लागणारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, तीन हजार फेऱ्यांच्या आसपास चढावा, कारण तेथे इंजिनावर भार पूर्ण असतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याची मदत अगदी कमी असते. वर पोहोचल्यावर इंजिन बंद न करता इन्फ्रारेड तापमापकाने रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचे तापमान मोजावे. वरची नळी ९५ ते १०० अंशांच्या आत आणि दोघींत सहा ते दहा अंशांचा फरक असेल तर जोडणी योग्य आहे. फरक फार कमी आणि दोन्ही नळ्या तापलेल्या असतील तर हवा अपुरी पडते आहे, म्हणजे दोष पंखा किंवा काऊलमध्ये आहे. फरक फार मोठा असेल तर पाणी सावकाश फिरते आहे, आणि तेव्हा वॉटर बॉडी, बेल्ट, आतून चिकटलेला रबरी होस किंवा रेडिएटरच्या चोंदलेल्या नळ्या तपासाव्यात. काटा तांबड्याकडे जाऊ लागला तर गाडी बाजूला घेऊन, एसी बंद करून, इंजिन थोड्या वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवावे आणि कॅपला हात लावू नये.

ही चाचणी गाळप हंगाम संपल्यावर दरवर्षी पुन्हा करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागून चालताना पाचटाचा भुसा आणि बारीक धूळ कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते, जेथे ती पुढून पाहिल्यावर दिसत नाही. मळणीच्या दिवसांत ज्वारीचा आणि तुरीचा कोंडा तिच्यात भर घालतो. ती काढताना पाण्याचा मारा कमी दाबाने आणि आतून बाहेरच्या दिशेने करावा, कारण पुढून मोठ्या दाबाने मारलेले पाणी तोच कचरा जाळीत आणखी घट्ट बसवते आणि फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) आडव्या पाडते. कंडेन्सर दोन बोल्ट काढून पुढे कलवता येईल अशी जोडणी सुरुवातीलाच केली असेल तर हे काम अर्ध्या तासात होते, म्हणून ब्रॅकेट वेल्डिंग करण्यापूर्वी मिस्त्रीला ते आवर्जून सांगावे.